शिक्षकांवरच्या त्या हुकमाबद्दल: प्रीफेक्ट सालुटियस यांना खुले पत्र

प्रति,
मा. सातुर्निनियस सेकुंडस सालुटियस,
प्रीटोरियन प्रीफेक्ट, पूर्व विभाग, रोमन साम्राज्य,
मुक्काम अँटिओक.

महोदय,

सा. न. वि. वि.

आपल्या आणि माझ्या काळात सोळाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि हे पत्र आपल्या हाती पडणार नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. खुले पत्र तसेही ज्याच्या नावाने लिहितात त्यापेक्षा भोवतीच्या लोकांनी वाचावे म्हणूनच लिहितात, म्हणून ही अडचण मी फारशी मनावर घेतलेली नाही. पत्रावर काळ मात्र मी मुद्दाम इ. स. ३६३ च्या फेब्रुवारीचा धरला आहे, कारण तेव्हा पर्शियावरची स्वारी निघालेली नव्हती, सम्राट ज्युलियन अँटिओकमध्ये होता आणि आपले त्याच्याकडे रोजचे जाणेयेणे होते. पुढे काय घडले ते मला माहीत आहे आणि आपल्याला नाही, एवढी सोय मी घेणार आहे.

आमच्याकडच्या वाचकांना आपले नाव परके आहे, म्हणून दोन शब्द लिहितो. पूर्व विभागाचा प्रीटोरियन प्रीफेक्ट म्हणजे आमच्या भाषेत साम्राज्याच्या पूर्वेकडच्या भागाचा दिवाण. करवसुली, रसद, न्याय हे सारे त्याच्या कचेरीतून चालणार. ज्युलियन गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, दुय्यम सम्राट म्हणून नवखा असताना आपण त्याचे सल्लागार होता, आणि तेव्हाचा ज्येष्ठ सम्राट कॉन्स्टँटियस याने आपल्याला तिथून परत बोलावले तेव्हा त्या तरुणाने स्वतःचीच समजूत घालण्यासाठी एक अख्खे भाषण लिहून काढले. पुढे सूर्यदेवावरचे स्तोत्र त्याने तीन रात्रींत रचले, तेही आपल्यालाच अर्पण केले. आपण स्वतः जुन्या देवांना मानणारे, आणि तरीही ख्रिस्ती लेखकांनी ज्यांच्याबद्दल बरे लिहिले अशा त्या राजवटीतल्या मोजक्या माणसांपैकी एक आहात. माझे गाऱ्हाणे आहे ते ख्रिस्ती शिक्षकांना होमर आणि इतर ग्रीक ग्रंथ शिकवायला मना करणाऱ्या सम्राटाच्या हुकमाबद्दल, आणि ते आपल्याकडे आणण्याचे कारण हेच.

सम्राटाचा उल्लेख मी एकेरीत करीत आहे, त्याबद्दल राग नसावा. तो मेला तेव्हा पुरता बत्तीस-तेहेतीस वर्षांचाही नव्हता. एवढ्या वयाचे माझे विद्यार्थी आता मुलाबाळांचे बाप आहेत. मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, आणि ज्युलियनकडे मला आधी विद्यार्थी म्हणूनच पाहता येते. ३३७ साली कॉन्स्टंटाईन मरण पावला आणि राजधानीत सैनिकांनी त्याच्या घराण्यातले पुरुष कापून काढले. त्यात ज्युलियनचा बाप गेला. पाच-सहा वर्षांचा हा मुलगा आणि त्याचा सावत्र भाऊ गॅलस तेवढे वाचले. त्याला वाढवले ते मार्डोनियस नावाच्या एका वृद्ध गुरूने, ज्याने पूर्वी त्याच्या आईलाही होमर शिकवला होता. मुलाने घोड्यांच्या शर्यती पाहायला जाऊ का म्हणून विचारले की मार्डोनियस म्हणायचा, होमरमध्ये शर्यत आहे, ती वाच. नाचाचे नाव काढले की म्हणायचा, होमरमधला फेआकियन तरुणांचा नाच याहून सरस आहे. पुढे कापाडोकियातल्या माकेल्लुम या राजवाड्यात सहा वर्षे नजरकैदेसारखी गेली, तेव्हा सोबत होती ती पुस्तकांची; आणि त्यांतली काही पुस्तके नकलून घेण्यासाठी त्याला उसनी दिली होती जॉर्ज नावाच्या एका ख्रिस्ती धर्मगुरूने.

हाच जॉर्ज पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झाला आणि ३६१ च्या डिसेंबरात तिथल्या जमावाने त्याला ठार मारले. ज्युलियन तेव्हा नुकताच सम्राट झाला होता. त्याने नगरवासीयांना खरमरीत पत्र लिहिले, शिक्षा मात्र कुणालाच केली नाही; पण इजिप्तच्या प्रीफेक्टला जे पत्र लिहिले ते शिक्षकाने जपून ठेवावे असे आहे. कुणाला घोड्यांचे वेड असते, कुणाला पक्ष्यांचे, मला लहानपणापासून पुस्तकांचे आहे, असे सांगून त्याने जॉर्जचा संपूर्ण ग्रंथसंग्रह शोधून पाठवायला सांगितले. त्यात ‘गॅलिलियनां’ची, म्हणजे ख्रिस्ती लोकांची पुस्तकेही आहेत, ती नष्ट झालेली मला आवडतील, पण त्यांच्या नादात चांगली पुस्तके जाऊ नयेत म्हणून सगळीच नीट शोधा, असेही बजावले. एका ख्रिस्ती माणसाच्या कपाटातून या मुलाला ग्रीक विद्या मिळाली होती. हे त्याच्या लक्षात होते, आणि तरीही पुढच्या सहा महिन्यांत त्याने जे केले ते केले.

त्याने जुना देवधर्म पुन्हा उभा करण्यासाठी जे उद्योग केले, त्या सगळ्यांवर मी आक्षेप घेणार नाही. बंद पडलेली देवळे उघडली, यज्ञांची वेदी पेटवली, धर्मगुरूंच्या करसवलती काढून घेतल्या. राजाचा धर्म बदलला की एवढे होतेच, त्याच्या काकाने उलट्या दिशेने हेच केले होते. हद्दपार केलेल्या बिशपांना त्याने परत बोलावले, त्यामागे उदारपणापेक्षा ते आपसांत भांडत बसावेत हा हिशेब होता, असे त्याच्याच सैन्यातल्या अम्मियानस मार्सेलिनसने लिहून ठेवले आहे. बैल इतके कापले गेले की हा पर्शियाहून परतला तर गुरांचा दुष्काळ पडेल अशी थट्टा होऊ लागली, आणि यज्ञाच्या मांसावर व दारूवर ताव मारलेले शिपाई देवळांतून वाटसरूंच्या खांद्यांवर बराकीत पोचू लागले. याला पुनरुज्जीवन म्हणायचे तर म्हणा.

मला अधिक बोलके वाटते ते डॅफ्नीचे हंस प्रकरण, जे त्याने स्वतःच आपल्या उपहासलेखात सांगितले आहे. अँटिओकजवळच्या त्या उपवनात अपोलोचा वार्षिक उत्सव होता. सम्राट झ्यूस कासियसच्या देवळातून लगबगीने तिथे आला. वाटेत त्याच्या डोळ्यांसमोर मिरवणूक होती, बळीचे पशू होते, धूप होता, पांढऱ्या वस्त्रांतली मुले देवासमोर उभी होती. आत गेला तर धूप नाही, नैवेद्याची वडी नाही, पशू नाही. त्याला वाटले, सारे बाहेर थांबले असतील आणि आपल्या इशाऱ्याची वाट पाहत असतील. शहराने देवाला आज काय आणले, असे त्याने पुजाऱ्याला विचारले. पुजारी म्हणाला, शहराने काही आणलेले नाही, मी माझ्या घरून हा एक हंस आणला आहे. एवढ्या धनाढ्य शहराचा एवढा मोठा देव आणि त्याच्यापुढे एका गरीब पुजाऱ्याच्या परसातला एक पक्षी! मला त्या पुजाऱ्याबद्दल फार आदर वाटतो. त्या दिवशी देवावर श्रद्धा असलेला तो एकच माणूस तिथे होता, सम्राट सोडला तर. आणि सम्राटाने त्याचा हंस पाहून आनंद मानण्याऐवजी नगरसभेला झापले.

देवळे उघडता येतात, पण ती भरता येत नाहीत, हे त्यालाही उमजले असावे. गलातिया प्रांताचा मुख्य पुजारी आर्साकियस याला त्याच्या नावाने गेलेले जे पत्र आज उपलब्ध आहे, त्यात प्रत्येक शहरात धर्मशाळा काढायला सांगितले आहे आणि त्यासाठी गलातियापुरते वर्षाला ३०,००० मोदियस गहू आणि ६०,००० सेक्स्टेरियस मद्य मंजूर केले आहे. मोदियस म्हणजे सुमारे पावणेनऊ लिटरचे माप, सेक्स्टेरियस सुमारे अर्ध्या लिटरचे. त्यातला पाचवा हिस्सा पुजाऱ्यांची सेवा करणाऱ्या गरिबांना आणि उरलेला परक्या वाटसरूंना व भिकाऱ्यांना द्यायचा होता. कारणही तिथेच दिले आहे: ज्यूंमध्ये कुणाला भीक मागावी लागत नाही, आणि हे गॅलिलियन स्वतःच्या गरिबांबरोबर आपलेही गरीब पोसतात, याची लाज वाटली पाहिजे. ही कल्पना चांगली होती आणि तिला वीस वर्षे मिळाली असती तर काय झाले असते, याचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. पण तिला वर्षदीड वर्षच मिळाले, आणि त्या अवधीतही सम्राटाचा बराचसा जोर दुसऱ्याच एका कामी खर्च झाला.

ते काम म्हणजे शिक्षकांवरचा हुकूम. १७ जून ३६२ रोजी निघालेला हा कायदा वाचला तर त्यात ख्रिस्ती हा शब्दही नाही. शिक्षक आधी चारित्र्याने आणि मग वक्तृत्वाने श्रेष्ठ असावा, प्रत्येक शहराच्या सभेने त्याची पारख करावी आणि ठराव सम्राटाकडे मंजुरीसाठी पाठवावा, असे सरळ कलम आहे. इटलीतल्या स्पोलेटोला तो २९ जुलैला पोचला. मला असा कागद हाती पडला तर मीही म्हणेन, बरोबर आहे, चारित्र्य हवेच. चारित्र्य म्हणजे काय हे मात्र दुसऱ्या पत्रात सांगितले होते. होमर, हेसिअड, डेमॉस्थेनिस, हेरोडोटस यांची विद्या देवांच्या कृपेने चालली. ज्याला ते देव खोटे वाटतात त्याने पोटासाठी त्यांची पुस्तके शिकवणे हा अप्रामाणिकपणा आहे. अशा माणसाने गॅलिलियनांच्या मंदिरात जावे आणि मॅथ्यू व ल्यूक समजावून सांगावेत. विद्यार्थ्यांना मनाई नव्हती. मुलांना वेड्यांसारखे त्यांच्या मनाविरुद्धही बरे करता येते, असे त्याचे म्हणणे होते.

यातला युक्तिवाद फेकून देण्यासारखा नाही, हे मी शिक्षक म्हणून कबूल करतो. जे स्वतःला पटत नाही ते वर्गात सांगावे का, हा प्रश्न मला पहिल्याच वर्षी पडला होता. मी आयुष्यात एकदाही पंढरीची वारी केलेली नाही, घरी देव्हारा आहे तो पत्नीचा, आणि तरीही तुकोबांचे अभंग मी तीस वर्षे शिकवले. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरी’ शिकवताना विठ्ठल आहे की नाही हे मला ठरवावे लागले नाही. तुकोबांना तो होता, हे पुरत असे. ज्या दिवशी एखाद्या मुलीने मागच्या बाकावरून विचारले की सर, तुम्ही देव मानता का, त्या दिवशी मी तिला खरे उत्तर दिले आणि पुढची ओळ घेतली. मला स्वतःला ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय शिकवला तो वसईकडच्या एका ख्रिस्ती बाईंनी. ‘शुद्ध’ म्हणताना त्या ‘शु’वर किंचित थांबत, ते अजून कानात आहे. ज्युलियनच्या हुकमाखाली त्या बाईंना चर्चमध्ये जाऊन मॅथ्यू शिकवावा लागला असता, आणि मलाही वर्गातून उठावे लागले असते, कारण माझ्यासारख्यांचे देव तर कुठल्याच यादीत नाहीत.

आता ज्यांच्यावर हा हुकूम कोसळला त्यांच्याकडे पाहावे. रोममध्ये मारियस व्हिक्टोरिनस हा नावाजलेला वक्तृत्वाचार्य होता; त्याने पीठ सोडले. अथेन्समध्ये प्रोहेरेसियस होता. तरुणपणी तो आणि त्याचा मित्र इतके गरीब होते की दोघांत मिळून अंगावर घालायचा एकच झगा. एक बाहेर पडला की दुसरा पांघरुणात पडून अभ्यास करायचा. पुढे रोमने त्याचा पुतळा उभारला. जेरोमच्या नोंदीप्रमाणे ज्युलियनने त्याच्यापुरता अपवाद केला होता, पण सवलत नको म्हणून त्याने स्वतःच वर्ग बंद केला. याच सुमारास सार्डिसहून एउनापियस नावाचा सोळा वर्षांचा मुलगा जहाजाने अथेन्सला आला. तापाने फणफणलेला, रात्रीची वेळ. जहाजाच्या मालकाने त्याला थेट या सत्त्याऐंशी वर्षांच्या आचार्यांच्या दारात नेले. एउनापियस कट्टर देवपूजक होता, ज्युलियनचा भक्त होता, ख्रिस्ती साधूंविषयी त्याने पुढे जहरी लिहिले. आणि त्याच माणसाने आपल्या ख्रिस्ती गुरूचे चरित्र इतक्या मायेने लिहिले आहे की ज्युलियनच्या हुकमाला त्याहून चांगले उत्तर कुठल्या बिशपलाही देता आले नाही. त्यातलीच एक गंमत: हे राज्य किती दिवस टिकणार, असे उघड विचारणे धोक्याचे, म्हणून प्रोहेरेसियसने एल्युसिस या तीर्थक्षेत्राच्या मुख्य पुजाऱ्याकडून, सम्राटाने ग्रीकांना दिलेली जमीनमहसुलाची सूट टिकेल का, एवढेच काढून घेतले. टिकणार नाही, असे उत्तर आले आणि म्हातारा निश्चिंत झाला.

ज्यांना स्वस्थ बसवले नाही त्यांनी आणखी एक खटाटोप केला. लाओडिकियाचे अपोलिनारिस पितापुत्र, बाप व्याकरणकार आणि मुलगा वक्तृत्वाचा जाणकार, यांनी बायबलच ग्रीक छंदांत उतरवायला घेतले. मोशेच्या ग्रंथांचे महाकाव्य, शुभवर्तमानांचे प्लेटोच्या धाटणीचे संवाद. होमर काढून घेता, तर आम्ही आमचा होमर करतो, असा तो हट्ट होता. हे वाचताना मराठी माणसाला गोव्यातला फादर थॉमस स्टीफन्स आठवल्यावाचून राहत नाही. तिथे नवख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे पोर्तुगीज सत्तेने काढून घेतली होती, आणि त्या जागी काहीतरी द्या या मागणीतून १६१६ साली ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सक्ती करणारा इथे आणि तिथे उलट्या धर्माचा होता, पण काढून घेतलेल्या ग्रंथाची जागा रिकामी राहत नाही हे दोन्हीकडे सारखेच. फरक इतकाच की क्रिस्तपुराण अजून वाचले जाते, आणि अपोलिनारिस पितापुत्रांचा तो उद्योग हुकूम उठताच कुणाला नकोसा झाला. लोकांना होमरच हवा होता. ख्रिस्ती लोकांनाही.

नाझियान्झसचा ग्रेगरी, जो ३५५ साली अथेन्समध्ये ज्युलियनबरोबर एकाच वेळी शिकत होता, त्याने पुढे या हुकमावर दोन जळजळीत भाषणे लिहिली. त्यातला बराच भाग शिव्याशाप आहे, तो मी गाळतो. पण एक प्रश्न बिनतोड आहे: ग्रीक भाषा तुमच्या देवांची कशी? मग अक्षरे फिनिशियनांची म्हणून परत द्यायची का, जांभळा रंग टायरच्या लोकांचा म्हणून सम्राटाने अंगावरून उतरवायचा का?

महोदय, आता आपल्याविषयी. कॉन्स्टँटियसच्या जुन्या अधिकाऱ्यांवर खाल्केडॉनला जे खटले चालले त्यांचे अध्यक्षपद आपल्याकडे होते, तरी तिथे आर्बिटिओ या सेनापतीचा जोर चालला आणि गॉलमध्ये ज्युलियनला पैशाची मदत करणारा खजिनदार उर्सुलस नाहक मारला गेला. म्हणजे खुर्चीवर असूनही आपल्याकडून अन्याय थांबला नाही, असे एकदा घडले आहे. पण अँटिओकमध्ये वेगळे घडले. बिशप बॅबिलसच्या अस्थी डॅफ्नीतून हलवताना ख्रिस्ती लोकांनी स्तोत्रे म्हटली, सम्राट संतापला आणि धरपकडीचा हुकूम आपल्याला झाला. आपण थिओडोरस नावाच्या तरुणाला पकडले आणि दिवसभर त्याचे हाल झाले. त्यानंतर आपण सम्राटाकडे गेलात आणि सांगितले की असेच चालले तर त्यांना कीर्ती मिळेल आणि आपल्याला अपकीर्ती. छळ थांबला. रुफिनस नावाच्या लेखकाने या थिओडोरसला पुढे प्रत्यक्ष पाहिले. वेदना झाल्या का, असे विचारल्यावर तो म्हणाला की थोड्या झाल्या, पण जवळ एक तरुण उभा राहून पांढऱ्या कापडाने घाम पुसत होता आणि थंड पाणी देत होता.

म्हणजे आपल्या शब्दाला वजन होते आणि तो शब्द सम्राट ऐकत असे. आपण जो मुद्दा थिओडोरसबद्दल मांडलात तो शिक्षकांबद्दल जास्तच खरा होता, आणि आपल्या बाजूच्या माणसांनाही तो दिसत होता. अम्मियानस ख्रिस्ती नव्हता, ज्युलियनवर त्याचा जीव होता. त्याने सम्राटाच्या गुणांची लांबलचक यादी दिली आणि या एका हुकमाविषयी म्हटले की तो निर्दय होता, कायमच्या मौनाखाली गाडून टाकण्याजोगा.

पुढचे मी थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्याला सुखाचे नाही. २६ जून ३६३ ला मेसोपोटेमियात चिलखत न घालता धावलेल्या सम्राटाला भाला लागेल आणि त्याच रात्री तो जाईल. त्याच चकमकीत आपलाही जीव एका कर्मचाऱ्यामुळे वाचेल. दुसऱ्या दिवशी सगळे पक्ष मिळून आपल्याला सम्राटपद देऊ करतील आणि आपण आजार व म्हातारपण सांगून नाही म्हणाल. त्यानंतर जोव्हियन नावाचा ख्रिस्ती अधिकारी निवडला जाईल, आणि पर्शियनांशी बोलणी करून निसिबिस हे सरहद्दीवरचे शहर सोडून देण्याचे कडू काम आपल्याच वाट्याला येईल. ३६४ च्या जानेवारीत कायदा निघेल की चारित्र्याने आणि वक्तृत्वाने जो योग्य असेल त्याने नवा वर्ग काढावा किंवा सोडलेला पुन्हा धरावा.

१७ जूनचा तो हुकूम मात्र मरणार नाही. ख्रिस्ती हा शब्द त्यात नसल्यामुळे ख्रिस्ती सम्राटांनीच तो आपल्या कायदेसंग्रहात जपून ठेवला. थिओडोसियसच्या ४३८ च्या संहितेत तो आहे आणि जस्टिनियनच्या संहितेतही आहे. आणि हाच जस्टिनियन जुन्या देवांना मानणाऱ्यांना शिकवण्याची बंदी करील, ५२९ च्या सुमारास अथेन्सची तत्त्वज्ञानाची शाळा बंद पडेल, आणि तिथले सात आचार्य आसऱ्यासाठी पर्शियाच्या दरबारात जातील. शिक्षकाचा धर्म पाहून त्याला वर्गातून उठवायची रीत ज्या बाजूने पाडली, तिच्याच मुलांवर ती उलटली. प्लेटो शिकवणारी ती माणसे ज्युलियनची वारस होती.

म्हणून विनंती एकच आहे. थिओडोरसबद्दल जसे बोललात, तसे एकदा प्रोहेरेसियसबद्दल बोलावे. हुकमातले चारित्र्याचे कलम राहू द्यावे, दुसरे पत्र तेवढे मागे घ्यायला सांगावे. सम्राट वाद घालील, होमरचे दाखले देईल; तेव्हा त्याला मार्डोनियसची आठवण करून द्यावी, आणि ऐकले नाही तर जॉर्जच्या पुस्तकांची. सैन्य ५ मार्चला अँटिओकहून निघणार आहे आणि नंतर त्याला वेळ मिळणार नाही, तेव्हा हे त्याआधी व्हावे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक